कडी आतल्या बाजूला

हालापा, ७ ऑक्टोबर

सिरिला,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पुन्हा लिहितो आहे. या आठवड्यातली आधीची पत्रं तुला मिळाली असतील. नसली मिळाली तरी हरकत नाही, त्यांत याहून निराळं काही नव्हतं. ये, एवढंच होतं, पुन्हा पुन्हा.

घर नीट आहे. भिंतींना चुना दिला, गळकी कौलं बदलली, चायोतेचा वेल मांडवावर चढवला, कोंबड्यांच्या खुराड्याला नवं दार केलं. सगळं एका दमात. उन्हाळ्यात ज्या हातांतून कॉफीचा पेला सुटायचा तेच हे हात, आता सुईत दोरा ओवतील. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केल्यापासून मी पहाटे उठतो तो गुणगुणतच. रस्त्यानं जाणारे विचारतात, "काय नाबोर, लग्नबिग्न ठरलं की काय?" मी हसतो. त्यांना काय सांगू, की बायको बहिणीकडे आल्वारादोला गेली आहे आणि समुद्राकाठच्या उकाड्यात जातानाही लोकरीची शाल घेऊन गेली आहे, म्हणजे लवकर यायचा विचार नाही.

बाळ येशूसाठी नव्या चपला करायला घेतल्या आहेत. फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला तू मूर्तीला नवे कपडे घालून चर्चमध्ये नेशील, तेव्हा पायांत जुन्या नकोत. आपल्याला तेवढाच एक मुलगा, असं तू म्हणायचीस. डावी झालीसुद्धा. आमच्या नाओलिंकोत पोरं चालायच्या आधी चामडं कापायला शिकतात, तरी अशी टाच मी वडिलांच्या हाताखालीही कधी शिवली नव्हती. टाके शोधावे लागतात. कोनाड्यात ठेवली आहे, मूर्तीच्या पायाशी, तुझ्या खोलीत.

तुझ्या खोलीच्या कडीचा तू उगाच मोठा अर्थ काढलास. जुनी कडी ती. इथल्या धुक्यानं लाकूड फुगतं, स्क्रू सैल होतात, निखळतात. मी बसवणारच होतो. तू त्या लहान खोलीत वेगळी झोपायला लागलीस तेव्हा मी काही बोललो का? बोललो असेन. पण नवरा-बायकोत काय बोलणं होत नाही? लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला बायको हवीशी वाटते, यात लाजण्यासारखं काय आहे ते मला सांग. दोन वर्षं तूच तक्रार करत होतीस की मी तुझ्याकडे बघत नाही.

ये. शनिवारच्या बसनं ये. नाहीतर मीच येतो.

नाबोर


हालापा, २० ऑक्टोबर

सिरिला,

तू खिडकीत होतीस. पडदा हलला ते मी पाहिलं.

तोमासाताईंनी तुला त्यांच्या पद्धतीनं सगळं सांगितलं असेलच, तरी मी माझ्या बाजूनं लिहितो. मी आल्वारादोला फक्त बोलायला आलो होतो. धुतलेला शर्ट होता, तुझ्यासाठी कोआतेपेकची कॉफी होती. दारात उभा राहिलो तर त्या मासे साफ करता करता सुरीसकट बाहेर आल्या.

"आलास का रे मुडद्या? वासावर आलास?"

"तोमासाताई, मला तिच्याशी दोन शब्द बोलू द्या."

"बोलायला तोंड लागतं. तू डोळ्यांनीच घर खायला निघालायस! असा डुकरासारखा हुंगत उभा राहिलास तर शेजारपाजारच्या बायका पोरीबाळींना घेऊन आत पळतील."

मग ती बादली. माशांचं पाणी डोक्यापासून पायापर्यंत. समोरचा होडीवाला ओरडला, "अहो ताई, खवल्यांसकट कशाला टाकता, मेव्हणे चांदीचे होतील!" सगळी गल्ली हसली. मीही हसलो असतो, एरवी. आल्वारादोची माणसं शिव्या देतात तेव्हा त्यात माया असते हे मला ठाऊक आहे. ताईंच्या आवाजात या वेळी माया नव्हती.

तरी मी गेलो नाही. अंधार पडेपर्यंत त्या घराभोवती फिरत राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही. पाय आपोआप वळायचे. जाळीपलीकडे तू आहेस, आणि मी जाळीला लागून. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा लाज कुठेच नव्हती, जणू कुणी ती धुऊन नेली होती.

परतीला वेराक्रूझ बंदरात बस बदलायची होती. ती बस मी सोडली. नंतरचीही सोडली. मधल्या वेळात कुठे होतो ते फादर उर्बानोंना कबुलीत सांगितलं आहे. तुला सांगायची हिंमत झाली की तुलाही सांगेन.

मी म्हणालो, "फादर, माझ्या अंगात काहीतरी शिरलंय. मिस्सा चालू असताना पुढच्या बाकावरच्या बायकांच्या मानांकडे माझं लक्ष असतं. मी असा नव्हतो."

ते म्हणाले, "नाबोर, मन भटकतं ते मी पुष्कळ ऐकतो. तुझं मन नको, मला घरातलं सांग." आणि त्यांनी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी तिथे दिलं. इथे लिहीत नाही.

गोळीचं त्यांना बोललो नाही. औषधाचा आणि पापाचा काय संबंध?

पुन्हा येणार नाही. वचन देतो. पण तू एक ओळ तरी लिही, नाहीतर मी हे वचन पाळू शकेन असं मला वाटत नाही.

नाबोर


हालापा, १४ नोव्हेंबर

सिरिला,

मृतांच्या सणाला वेदी मांडली. तुझ्या आईच्या फोटोपुढे तिला आवडायचा तो गोड पाव ठेवला. झेंडूची वाट दारापर्यंत केली. मग दारापासून पुढे, फाटकापर्यंतही पाकळ्या टाकल्या, आणि लक्षात आलं की ती वाट मी मेलेल्यांसाठी करत नव्हतो.

आज तुला कामावरचं सांगायचं आहे. तुला ते जेवताना चालायचं नाही. "उंदरांची लफडी ताटावर नकोत," म्हणायचीस. आज ताट नाही, तेव्हा वाच. पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर लिखिआबाई ज्या पेट्यांत उंदरांचे नर-मादी सोडतात, त्या मीच करतो हे तुला माहीत आहे. पेटीच्या मधोमध एक पारदर्शक पडदा असतो, त्याला तळाशी भोकं. भोक मादीच्या मापाचं. नर थोराड, त्याला त्यातून जाता येत नाही. म्हणजे ती तिच्या मनानं पलीकडे त्याच्याकडे जाते, तिला हवं तेव्हा इकडे येऊन बसते, पुन्हा जाते. नर थांबतो. अशी मादी नंतर मोकळी सोडली तर त्या जागेकडे आपणहून परत येते, तिला ती जागा आवडलेली असते. पडदा नसेल, नर कधीही अंगावर येऊ शकत असेल, तर सगळं तेच घडतं, पिल्लंही होतात, पण मादी त्या जागेकडे फिरकत नाही. बाई हेच मोजतात, आणि त्या वेळी मेंदूत काय पाझरतं तेही.

या पावसाळ्यात त्यांचं गणित जुळेना. भोकांचे पडदे असूनही माद्या परत येईनात. बाईंनी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांचे विद्यार्थी कुजबुजायला लागले की बाईंची इतक्या वर्षांची समजूतच चुकीची निघणार. बाई वाळल्या. मी रोज भुसा बदलत होतो, पाण्याच्या बाटल्या भरत होतो, आणि ऐकत होतो.

परवा लाल दिव्याच्या खोलीत मी त्यांच्या शेजारी उभा होतो. (उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून आमच्याकडे दिवसा रात्र करतात.) मादी पडद्याच्या अलीकडे येऊन बसली होती. तेवढ्यात एका सडपातळ नरानं भोकात डोकं घातलं, अंग चपटं केलं, आणि तो आला. मादी कोपऱ्यात गेली. मागच्या पायांवर उभी राहिली, पाठ भिंतीला, पुढचे दोन्ही पंजे छातीसमोर.

बाईंनी दिवा लावला. भोकाला माप लावलं.

"नाबोरभाऊ, हा पडदा कुणी केला?"

"मीच, बाई."

"भोक मोठं आहे. कडा कानशीनं घासल्यात."

"हो."

"सगळ्याच पडद्यांचं असं?"

"जूनमध्ये केलेल्या सगळ्यांचं."

"का घासल्यात?"

ड्रिल धरताना हात थरथरत होते. भोकांच्या कडा दातेरी झाल्या. कुणाला कळू नये म्हणून मी त्या घासून गुळगुळीत केल्या, आणि घासताना भोकं करंगळीच्या नखाच्या रुंदीनं वाढली. दिसायला सुरेख. कामाला खोटी. मी म्हणालो, "माझा आजार दिसू नये म्हणून, बाई."

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मग आता का थरथरत नाहीत?"

मी खिशातून गोळ्यांची डबी काढून दिली. त्यांनी नाव वाचलं आणि भुशाच्या पोत्यावर बसल्या.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

मी हो म्हणालो. मग नाही म्हणालो. मग सगळं सांगितलं, बंदरातलंसुद्धा. त्या बाईमाणूस, मी असा, आणि मधे उंदरांचे पिंजरे. सांगून टाकलं.

त्यांनी मला समजावलं ते मी तुला माझ्या शब्दांत सांगतो. डोक्यात डोपामीन नावाचा एक रस असतो. ऐकायला एखाद्या मावशीचं नाव वाटतं. लोक समजतात तो सुखाचा रस आहे. बाई म्हणाल्या, सुखाचा नाही, ओढीचा. मादी नुसती जाळीपलीकडे दिसली, अजून काही झालेलं नाही, तरी नराच्या डोक्यात तो चढायला लागतो आणि नर जाळीला चिकटतो. उलट, औषध टोचून त्या रसाचा मार्ग अडवला तर नर जागच्या जागी बसून राहतो. मादीनं जवळ येऊन ढोसलं तर त्याला सगळं जमतं. पण आपण होऊन तो उठत नाही, पेटी ओलांडून तिच्याकडे जात नाही.

"म्हणजे त्याला ती नकोशी होते?" मी विचारलं.

"ती नकोशी झाली असं नाही म्हणता येत, नाबोरभाऊ. त्याचं निघणंच होत नाही."

सिरिला, माझ्या या थरथरीच्या आजारात तोच रस आटतो. ती दोन वर्षं. तू दारात नवा झगा घालून उभी राहायचीस आणि मी बसलेला. तू म्हणालीस, "नाबोर, तू खुर्ची झालास." मला वाटायचं, माझं प्रेम संपलं. देवाला विचारायचो, की असं कसं संपतं, काहीही न होता? संपलं नव्हतं. निघणं होत नव्हतं.

आणि गोळी त्याच रसाची नक्कल करते. काही माणसांत फार करते.

हे ऐकल्यावर मला काय वाटलं ते तुला खरं सांगतो. आनंद झाला. मी म्हणालो, "मग बाई, मी नव्हतोच तो! गोळी होती!"

बाई उठल्या, कोटाला लागलेला भुसा झटकला. म्हणाल्या, "ओढ गोळीची, हे मी कुणालाही लिहून देईन. पण उंदराला कडी काढता येत नाही, नाबोरभाऊ."

कडी निखळली नव्हती, सिरिला. मी काढली. शनिवारी तू बाजारात गेली होतीस तेव्हा. स्क्रू खिशात टाकले, आणि रविवारी मिस्सेला गेलो तेव्हा ते माझ्या खिशात होते. गुडघे टेकले की टोचायचे. दुपारी तू पडायला गेलीस, दार लावून घेतलंस, कडीसाठी हात वर केलास आणि तुझी बोटं नुसत्या भोकांवर फिरली. मी दार ढकललं. तू ओरडली नाहीस. पाठ भिंतीला लावलीस आणि दोन्ही हात छातीसमोर धरलेस.

परवा लाल दिव्याखाली मी ते पुन्हा पाहिलं.

मी उंबरा ओलांडला नाही, असं आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे. पण तू पिशवी घेऊन निघालीस तेव्हा मी बाजूलाही झालो नाही. तुला अंग चोरून, माझा स्पर्श होऊ न देता जावं लागलं. तेही खरं आहे. फादरनी विचारलं होतं, "ती नको म्हणाली होती?" मी हो म्हणालो होतो. तेव्हा ते म्हणाले होते, "मग इच्छेचं राहू दे. मला दाराचं सांग."

आणखी एक. डॉक्टरांनी एक गोळी सांगितली होती. मी दोन घेत होतो.

नाबोर


हालापा, ६ डिसेंबर

सिरिला,

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुना कागद उलटून पाहिला. "मी तुम्हाला विचारलं होतं. जुगार, खाणं, बायका, कशाचा नाद वाढलाय का? तुम्ही नाही म्हणालात."

"नर्स उभी होती, डॉक्टर."

"नर्स रोजच उभी असते!"

ते म्हणतात, गोळी एकदम सोडता येणार नाही, थोडी थोडी कमी करायची. दुसरी देतील, तिनं काही वेळ हात चालतील, काही वेळ नाही. उतरणीचे महिने वाईट जातील. काही जणांना जगणं नको होतं, असं त्यांनी सांगून ठेवलं, म्हणजे मी घाबरणार नाही. सुतारकाम राहील की नाही ते सांगता येत नाही.

आता मी काय करू? गोळी घेतली तर मी तो माणूस, ज्याच्यापासून तू पळालीस. नाही घेतली तर मी ती खुर्ची, जिच्यासमोर तू दोन वर्षं रडलीस. दोन्हीकडून तू जातेसच. फादरना विचारलं, "देवासमोर मी यातला कुठला म्हणून उभा राहू?" ते म्हणाले, "देवाला ओळख पटवायला लागत नाही. तू गुडघ्यांवर उभा राहा, बास."

आणि तुला एक सांगू? ती गोळी मला आवडते. सगळं कळल्यावरही. सकाळी डबीकडे हात जातो तेव्हा माझ्यात सूर्य उगवतो. आपण दोघं म्हातारे होणार हे मी विसरलो होतो. पेट्या करताना लाकडाच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. हे सगळं परत द्यायचं? कुणाला? तू परत येशील असं कुणी सांगितलं तर आत्ता खिडकीतून फेकतो. तू सांग, सिरिला. तू म्हणशील ते करतो. फक्त तू सांग.

(दुसऱ्या दिवशी) हे पत्र टाकायच्या आधी तोमासाताईंना फोन केला, तुला विचारायला सांगा म्हणून. त्या म्हणाल्या, "तिला काय विचारायचं? काल रात्री बसून वाचलं तिनं तुझं ते उंदीरपुराण. रडली. मीही रडले, कुणाला सांगू नकोस, नाहीतर जीभ छाटीन. पण ऐक, गाढवा. गोळी सोडतो, मग तू ये, असा सौदा करशील तर तेही कडी काढणंच झालं. तुझी गोळी, तुझं डोकं. तिच्या उशाला आणून ठेवू नकोस."

मी म्हणालो, "ताई, ती येणार नाही का मग?"

"मला काय माहीत? माझी बहीण आहे, भरतीचं वेळापत्रक नाही." आणि फोन ठेवला.

तेव्हा वरचं सगळं तू वाचलंस तरी त्याचं उत्तर देऊ नकोस. आज सकाळी अर्धीच घेतली. तू येशील म्हणून नाही. म्हणजे, तू येशील म्हणूनच. पण तसं नसलं तरी घेतली असती असं मला वाटायला हवं आहे. तेवढ्यासाठी प्रार्थना करतो.

नाबोर


हालापा, ९ जानेवारी

सिरिला,

अक्षर बारीक झालं आहे. हात मोठं काढतच नाही. भिंग घे.

डॉक्टर म्हणाले होते तसंच आहे. सकाळ होते, कोंबड्या ओरडतात, आणि त्यांना दाणे घालायला उठावं असं काही माझ्यात नाही. काल बूट घालायला बसलो तो घालायचंच विसरलो, दुपार झाली. प्रार्थनासुद्धा तोंडात येऊन बसते आणि पुढे सरकत नाही. नदीवरच्या पुलावरून जाताना खाली बघत नाही, मुद्दाम. एकदा बघितलं होतं. फादर आता रोज संध्याकाळी येतात, पत्ते घेऊन. मी हरतो. डबी त्यांच्याकडे देऊन टाकली आहे, कारण घरात असली की मला तिचा पत्ता झोपेतही कळतो.

लिखिआबाईंनी नवे पडदे दुसऱ्याकडून करून घेतले. मी माप धरून बसलो, तेवढंच. माद्या परत यायला लागल्या आहेत. बाईंनी मला काढलं नाही. म्हणाल्या, "भुसा बदलायला ओढ लागत नाही, नाबोरभाऊ, या." मी जातो. ज्या दिवशी जमतं त्या दिवशी.

तीन राजांच्या सणाला कामावर मोठा पाव कापला, तर आतली बाहुली माझ्याच तुकड्यात निघाली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. म्हणजे रिवाजाप्रमाणे मेणबत्त्यांच्या सणाला सगळ्यांसाठी तमाले मी द्यायचे, मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून उकडलेले. मी. ज्याला तव्यावरची तोर्तिया उलटायला दोन हात लागतात. पहिल्यांदाच हसलो या वर्षात.

कडी बसवली. जुनी नाही, नवी, जाड, आतल्या बाजूनं. पूर्वी चुटकीसरशी झालं असतं, आता सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसलो होतो. स्क्रू पडायचा, शोधायचा, पुन्हा. मग बाहेर येऊन दार लावून ढकलून पाहिलं. आतून कडी लावल्याशिवाय मला पटेना, म्हणून फादरना आत उभं करून लावायला लावली आणि मी बाहेरून खांदा दिला. "झाली का खात्री?" ते आतून ओरडले. "की आता मी इथंच राहायचं?" हललं नाही. चांगली आहे.

हे तू ये म्हणून लिहीत नाही. त्या खोलीला कडी नव्हती, आता आहे, हे तुला माहीत असावं. मी स्वयंपाकघरात झोपतो.

बाळ येशूची उजवी चप्पल अजून राहिली आहे. मापाला डावी कोनाड्यातून स्वयंपाकघरात आणली आहे. रोज एक टाका घालतो.

नाबोर


घरी, २ फेब्रुवारी

सिरिला,

तमाले कामावर देऊन आलो. शेजारच्या बाईंनी करून दिले, मी फक्त पानं गुंडाळली, म्हणून निम्मे सुटले. फाटक उघडं दिसलं. मग तुझी शाल खुर्चीवर. मग बंद दार.

हळूच हात लावून पाहिला. कडी आतून लागलेली आहे.

आतून कात्रीचा आवाज येतो आहे. बाळ येशूचे कपडे कापते आहेस. तुला शेवटच्या बसनं परत जायचं असेल, तर फाटकापर्यंतची वाट मोकळी आहे. माझी खुर्ची मी भिंतीकडे सरकवून घेतली आहे, तुला अंग चोरावं लागणार नाही.

मी दार वाजवणार नाही. पण हे लिहायलाच हवं, नाहीतर पुन्हा तीच चूक होईल: मी इथे बसलो आहे, उठत नाही, बोलत नाही, यावरून मला तू नकोशी आहेस असं समजू नकोस. आज गोळी पोटात नाही. पाय जमिनीला खिळले आहेत, हात मांडीवर थरथरतो आहे, आणि तरी ओढ आहे. ती बारीक आहे, या अक्षरासारखी. दारापर्यंत येते आणि थांबते. ही माझी आहे की नाही, हा प्रश्न आता मला पडत नाही.

दाराखालच्या फटीतून या पत्राबरोबर चपला सरकवतो आहे. डावी ऑक्टोबरातली, तिचे टाके तुला सापडायचे नाहीत. उजवी कालपर्यंत करत होतो. वाकडी झाली आहे, टाच एका बाजूला गेली आहे. त्याच्या पायात दोन्ही घाल. दोन्ही माझ्याच हातच्या आहेत.

नाबोर